शिरोलीची भट्टी आणि स्टुटगार्टची युनियन

भाच्याचा प्रश्न तसा साधा होता. पोरगा आयटीआय फिटर. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत चार वर्षं काढली, आता संध्याकाळी जर्मन भाषेच्या क्लासला जातो. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी १०,००० कुशल कामगार पाठवायचा करार केला, तेव्हापासून आमच्या घरात तिथल्या स्टुटगार्टचं नाव कागल-निपाणीसारखं सहज निघायला लागलंय. परवा उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर गाठ पडली. म्हणाला, "मामा, तिकडं युनियनची वर्गणी पगाराच्या एक टक्का हाय म्हणं. हितं वर्षाची पावती फाडली की झालं. एवढं द्यायचं कशाला? आणि त्या जर्मन लोकांना आमची काय पडलीया? आपण तर त्यांच्याच कामावर हात मारायला चाललोय."

त्या शेवटच्या वाक्यानं माझा चहा निवला. मी फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकाम कारखान्यात, मोल्डिंगला तीस वर्षं काढली, त्यातली बारा युनियनच्या कमिटीवर. तरी पोराला चार वाक्यांत सांगता येईना. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात भट्टीपासूनच करू. आपल्याकडं ओतलेलं कास्टिंग मशीनिंग होऊन, लाकडी पेटीत बसून परदेशी जातं, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. दर ठरतो किलोवर. खरेदीदार आमच्या मालकाला म्हणतो, "कोइमतूरवाला तुमच्यापेक्षा कमी सांगतोय." कोइमतूरवाल्याला म्हणतो, "राजकोट स्वस्त पडतंय." आणि स्वतःच्या देशातल्या कामगारांनी पगारवाढ मागितली की त्यांना ऐकवतो, "जास्त ताणाल तर सगळं काम भारतात नेतो." स्क्रॅपचा दर, विजेचा दर, जहाजाचं भाडं यातलं फौंड्रीवाल्याच्या हातात फारसं काही नसतं. मग पिळायला काय उरतं? मजुरी, आणि मास्क-गॉगलवरचा खर्च. तिन्ही गावचे कामगार एकमेकांना जन्मात भेटलेले नसतात, पण प्रत्येकाला दुसऱ्याच्या नावानं भीती घातली जाते.

‘आंतरराष्ट्रीय कामगार एकजूट’ हे शब्द एक मेच्या सभेत कानावर पडतात आणि तिथंच राहतात. त्यांचा अर्थ इतकाच, की ज्यांच्या नावानं आपल्याला भीती घातली जाते त्यांच्याशी परस्पर बोलायचं. यात दयाधर्म थोडा आहे, हिशेब जास्त आहे.

हा हिशेब १८६० च्या आसपास लंडनच्या कामगारांनी मांडला. तिथं संप झाला की मालक फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून स्वस्तातली माणसं भरून आणायचे, आपला ठेकेदार टेम्पो भरून आणतो तशी. आलेल्या माणसांना बहुतेक वेळा संप चाललाय हेच माहीत नसायचं. इंग्रज कामगारांना त्यांना शिव्या घालणं सोपं होतं. पण तसं न करता त्यांनी फ्रेंच कामगारांना पत्र लिहिलं. त्यातूनच २८ सप्टेंबर १८६४ ला लंडनच्या सेंट मार्टिन्स हॉलमध्ये सभा होऊन पहिली ‘इंटरनॅशनल’ जन्माला आली. कार्ल मार्क्सचं नाव तिला पुढं कायमचं चिकटलं, पण मुळात ती निघाली ती ‘बाहेरून आणलेला माणूस’ या रोजच्या कटकटीतून.

पंचवीस वर्षांनी, १८८९ मध्ये, लंडनच्याच गोदी कामगारांनी तासाला सहा पेन्सची मागणी करून संप केला. हातावरचं पोट, दोन आठवड्यांत चुली थंड. तेवढ्यात ऑस्ट्रेलियातून पैसे यायला लागले, एकूण ३०,००० पौंडांहून जास्त. त्या काळी ही रक्कम केवढी! संप टिकला आणि सहा पेन्स मिळाले. ऑस्ट्रेलियातल्या माणसांनी लंडनची गोदी कदाचित कधी पाहिलीही नसेल.

आपल्याकडं पैशांऐवजी माणसंच मदतीला आली. ज्या मुंबईच्या गिरण्यांत आपल्या घाटावरची निम्मी गावं राबली, तिथल्या लढ्यांत काही इंग्रजही उतरले. १९२९ साली मीरत कटाच्या खटल्यात सरकारनं देशभरातून पुढारी उचलले. श्रीपाद अमृत डांगे यांच्यासोबत आरोपीच्या पिंजऱ्यात फिलिप स्प्रॅट, बेन ब्रॅडली आणि लेस्टर हचिन्सन हे तीन इंग्रज होते. हिंदुस्थानातलं ब्रिटिश राजाचं राज्य घालवायचा कट केला, असा आरोप, तोही राजाच्याच प्रजेवर! निकाल लागेपर्यंत १९३३ उजाडलं.

पैसे पाठवणं, जेलमध्ये जाणं हे मोठंच. पण मला या सगळ्या विषयात जास्त महत्त्वाचा वाटतो तो व्हॉल्व्ह. नदीवरून लिफ्टचं पाणी आणणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. पाइपलाइन सहा किलोमीटरची असली तरी पाणी अडतं ते एका चाकापाशी, आणि ते चाक कुणाच्या हातात आहे त्यावर पाळी ठरते. धंद्याचंही तसंच. माल हजार हातांतून जातो, पण मध्येच अशी एखादी जागा असते जिथं चार माणसांनी हात बाजूला घेतले की सगळं थांबतं.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण इंजिनाचंच आहे, त्यामुळं कोल्हापूरकराला ते विशेष गोड लागेल. ११ सप्टेंबर १९७३ ला चिलीत लष्करानं सत्ता घेतली. हवाई दलाच्या हॉकर हंटर विमानांनी राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यावर बॉम्ब टाकले. कामगार पुढारी हजारोंनी उचलले गेले. पुढच्या वर्षी स्कॉटलंडच्या ईस्ट किलब्राइड गावात, रोल्स-रॉइसच्या कारखान्यात, बॉब फुल्टन नावाचा इन्स्पेक्टर कामावर आला तर समोर दुरुस्तीला आलेलं विमानाचं इंजिन. कागद बघितला, तर ते चिलीच्या हवाई दलाचं. त्यानं सांगितलं, मी याला हात लावणार नाही. बाकीच्यांनीही हात काढले. युनियननं काम ‘ब्लॅक’ केलं, म्हणजे वाळीत टाकलं. इंजिनं अंगणात उघड्यावर पडली ती चार वर्षं. ज्यानं आयुष्यात एकदा तरी इंजिनाचं बेअरिंग उघडलंय त्याला पावसात चार वर्षं म्हणजे काय हे कळेल. १९७८ मध्ये एका रात्री ती गुपचूप ट्रकवर चढवून नेली गेली. आपण केलं त्याचा काही उपयोग झाला की नाही, हे त्या लोकांना पुढची कितीतरी वर्षं ठाऊकच नव्हतं. २०१५ मध्ये चिलीच्या सरकारनं फुल्टन आणि त्याच्या सोबत्यांचा सन्मान केला तेव्हा ते सगळे म्हातारे झाले होते.

जहाजांचं गणित थोडं वेगळं. मालक एका देशातला, झेंडा पनामाचा किंवा लायबेरियाचा, खलाशी आपल्या रत्नागिरीचा नाहीतर फिलिपिन्सचा. मालकानं पगार न देता जहाज सोडून दिलं तर दाद मागायची कुठं? १८९६ मध्ये सुरू झालेला वाहतूक कामगारांचा महासंघ, आयटीएफ, १९४८ पासून या ‘सोयीच्या झेंड्या’च्या मागं लागलाय. त्यांचे इन्स्पेक्टर जगभरच्या बंदरांत असतात. जहाजाला कधीतरी धक्क्याला लागावंच लागतं, आणि धक्क्यावरचा हमाल संघटित असला की व्हॉल्व्ह त्याच्या हातात. या दबावातून जागतिक नियमही बदलले. जानेवारी २०१७ पासून जहाजमालकाला विमा किंवा हमी ठेवावी लागते. जहाज वाऱ्यावर सोडलं तर चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी यायचा खर्च त्यातून निघतो.

आता थोडी संस्थांची नावं, कारण बातमीत ती येतात आणि गोंधळ होतो. आयएलओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, ही युनियन नाही. ती १९१९ साली निघालेली, आता संयुक्त राष्ट्रांच्या घरातली संस्था. तिथं प्रत्येक देशाकडून सरकारचे दोन, मालकांचा एक आणि कामगारांचा एक असे प्रतिनिधी बसतात. पहिल्याच परिषदेला वॉशिंग्टनला आपले नारायण मल्हार जोशी गेले होते. पुढं असा प्रतिनिधी पाठवायचा तर देशभराची एक संघटना हवी, या गरजेनंही ३१ ऑक्टोबर १९२० ला मुंबईत आयटक उभी राहिली. म्हणजे आपल्या पहिल्या देशव्यापी संघटनेच्या पायातच परदेशची एक वीट आहे. युनियनांच्या जागतिक संघटना वेगळ्या. २००६ ची आयटीयूसी, जिच्यात इंटक, हिंद मजदूर सभा आणि ‘सेवा’ आहेत, आणि १९४५ ची डब्ल्यूएफटीयू, जिच्याशी आयटक जोडलेली आहे. शिवाय धंद्यानुसार महासंघ आहेत. आपल्या फौंड्रीवाल्यांचा इंडस्ट्रीऑल, बांधकामवाल्यांचा बीडब्ल्यूआय. दोन जागतिक संघटनांचं आपापसात कसं जमतं ते विचारू नका. एका कारखान्यात दोन युनियन बघितल्यात ना, तसंच.

आयएलओकडं ना पोलीस ना फौजदार. संघटना करायचा हक्क देणारे तिचे दोन मूळ करार, ८७ आणि ९८ नंबरचे, १९४८ आणि १९४९ सालचे. भारतानं त्यांवर आजपर्यंत शिक्का मारलेला नाही. मग उपयोग काय? उपयोग चव्हाट्यावर आणण्याचा. कतारचं बघा. तिथं ‘कफाला’ पद्धत होती, म्हणजे मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येत नाही, देशही सोडता येत नाही. आपल्या भागातला कुणी आखातात गेलेला असेल तर त्याला विचारा, पासपोर्ट कुणाच्या कपाटात असायचा. २०२२ चा फुटबॉल वर्ल्ड कप कतारला मिळाला, आणि २०१४ मध्ये आयएलओतल्या कामगार प्रतिनिधींनी कतारविरुद्ध रीतसर तक्रार टाकली. बांधकाम कामगारांचा महासंघ स्टेडियमच्या साइटवर तपासणीला जायला लागला. सगळ्या जगाची नजर तिकडं, म्हणून व्हॉल्व्ह हाताला लागला. तक्रार २०१७ मध्ये मिटली, २०१८ मध्ये दोह्यात आयएलओचं ऑफिस उघडलं, २०२० मध्ये नोकरी बदलायला जुन्या मालकाचा दाखला लागायचा बंद झाला, आणि मार्च २०२१ पासून सगळ्या देशांच्या कामगारांना १,००० रियालचं एकच किमान वेतन लागू झालं. बाहेरून आलेल्या कामगाराला युनियन काढायची मुभा मात्र तिथं मिळाली नाही. कागदावरचं किती पाळलं जातं हा आणखी वेगळा विषय.

कतारमध्ये नजर कामाला आली. बांगलादेशात कामाला आली ती सही. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावर इथं राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून १,१०० हून जास्त कामगार गेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या बायामाणसांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. आपण इचलकरंजीशेजारी राहणारी माणसं, असली इमारत आपल्याला डोळ्यांपुढं आणायला वेळ लागत नाही.

त्याआधी त्यातल्या काही कारखान्यांचं सामाजिक ऑडिट, म्हणजे कामगारांना कसं वागवतात याची गिऱ्हाइकासाठीची तपासणी, झालेलं होतं, हे लक्षात ठेवा. म्हणून महिनाभराच्या आत इंडस्ट्रीऑल आणि यूएनआय या महासंघांनी तिथून कपडे घेणाऱ्या ब्रँडवाल्यांपुढं ‘अकॉर्ड’ नावाचा कारखान्यांच्या सुरक्षेचा करार ठेवला. कंपनीनं स्वतःच्या मनानं जाहीर केलेलं गोड पत्रक आणि हा करार यात फरक एकच, पण मोठा. यावर सही केली की कायद्यानं बांधलं गेलं. स्वतंत्र इंजिनिअर तपासणार, अहवाल सगळ्यांना वाचायला खुला, दुरुस्तीला पैसे कमी पडत असतील तर ब्रँडनं सोय लावायची, आणि कुणी चुकलं तर लवाद. दोनशेच्या वर ब्रँडनी सह्या केल्या. सह्या करून टाळाटाळ करणाऱ्या दोन कंपन्यांना युनियननं खरोखर हेगच्या लवादापुढं नेलं. त्यातल्या एकीनं जानेवारी २०१८ मध्ये २३ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

ऑडिटचं म्हणाल तर माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मी ज्या फौंड्रीत होतो (नाव नको), तिथं परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट असलं की आदल्या संध्याकाळी स्टोअरमधून कोरे गॉगल, मास्क, सेफ्टी शूज निघायचे. दुसऱ्या दिवशी पाच वाजता मोजून परत जमा. फेटलिंगच्या पोरांना त्या दिवशी सुट्टी, बिनपगारी. फेटलिंग म्हणजे कास्टिंगवरचं जास्तीचं लोखंड आणि चिकटलेली वाळू ग्राइंडरनं काढणं. सगळ्यात घाण काम. त्या धुळीतली सिलिका फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस, आणि तो बरा होत नाही. ही पोरं ठेकेदाराची, आमच्या हजेरीपटावर त्यांची नावंच नव्हती. एकदा ऑडिटरनं मला दुभाष्यामार्फत विचारलं, काही तक्रार आहे का? मॅनेजर शेजारी पेन घेऊन उभा. मी म्हटलं, नाही.

जर्मनीनं १ जानेवारी २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदा लागू केला तो याच नाटकाला आळा घालायला. मोठ्या जर्मन कंपनीला आता "माल देणारा काय करतो ते मला काय माहीत" म्हणता येत नाही. बाहेरच्या देशातला कामगारही तिथल्या बाफा नावाच्या सरकारी कार्यालयाकडं तक्रार करू शकतो. तिथल्या युनियननं हा कायदा व्हावा म्हणून जोर लावला होता. आता मालकांचा उलटा जोर सुरू आहे. २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं कंपन्यांची अहवाल द्यायची सक्ती काढायचं पाऊल उचललं, आणि युरोपियन युनियननं २०२४ मध्ये केलेल्या तसल्याच कायद्याची मुदतही पुढं ढकलली.

इथं एक आडवा प्रश्न येतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. गोऱ्या देशांना आपली कणव का यावी? पोटात दुखत असणार. १९९६ मध्ये सिंगापूरच्या जागतिक व्यापार परिषदेत श्रीमंत देशांनी व्यापाराला कामगार हक्कांची अट जोडायचा घाट घातला, तेव्हा भारत सरकारबरोबर आपल्या बहुतेक युनियनही विरोधात होत्या. आपला स्वस्त माल अडवायची ही युक्ती आहे, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच चूक होतं असं मला वाटत नाही. पण माझ्यापुरती मी एक कसोटी लावतो. अट घालताना इथल्या कामगाराला विचारलं का? अकॉर्डमध्ये बांगलादेशी युनियनच्या सह्या होत्या. सिंगापूरच्या ठरावाबाबत आम्हाला कुणी विचारायला आलं नव्हतं.

आणि व्हॉल्व्ह कधी आपल्याच हातात येतो, तेव्हा हात थरथरतो. मे २०२३ मध्ये भारत आणि इस्रायलमध्ये ४२,००० भारतीय कामगार पाठवायचं ठरलं होतं. त्या ऑक्टोबरमध्ये गाझाचं युद्ध पेटल्यावर इस्रायलनं पॅलेस्टिनी कामगारांचे परवाने बंद केले आणि आपल्याकडं भरतीच्या रांगा लागल्या. देशातल्या केंद्रीय कामगार संघटनांनी नोव्हेंबरमध्ये पत्रक काढून विरोध केला. युद्धात माणसं पाठवू नका, आणि दुसऱ्याला हाकलून रिकाम्या केलेल्या जागेवर तर नकोच. १८६४ चाच मुद्दा. पण रांगेतल्या पोराला तिथं इथल्या कितीतरी पट पगार दिसत होता. पत्रक बरोबर होतं असं माझं मत आहे. पत्रकानं चूल पेटत नाही, हेही मला ठाऊक आहे.

आता भाच्याचा एक टक्का. तिथली धातू कामगारांची युनियन, आयजी मेटाल, वीस लाखांच्या घरात सभासद. वर्गणीतून संपाचा निधी, नोकरीच्या भांडणात वकील, आणि पगाराचे करार अख्ख्या धंद्यासाठी. पाच किंवा जास्त कामगार असले तर कारखान्यात कामगारांची निवडून आलेली समिती करता येते, आणि परदेशी कामगारालाही तिथं मत असतं. ‘फेअर इंटिग्रेशन’ नावाची केंद्रं नव्यानं आलेल्यांना करार, पगार, सुट्टी यावर फुकट सल्ला देतात. हे सगळं भाच्याला मोबाइलवर दाखवलं. आखातात जाणाऱ्यांसाठी वेगळं आहे. दहावी न झालेल्यांनी ई-मायग्रेट पोर्टलवर नोंद असलेल्याच एजंटाकडून जावं, त्यानं फी ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त मागितली तर ती बेकायदा आहे.

"आणि त्यांना आमची काय पडलीया त्याचं?" त्यानं परत विचारलं.

मी म्हटलं, "तू कमी पगारावर राबलास तर उद्या त्याचा पगार खाली येतो. म्हणून तो तुला युनियनमध्ये ओढतो. तुला नुसत्या शिव्या घालून त्याचा पगार वाचत नाही."

जरा वेळ तो ग्लासातला चहा हलवत बसला. मग म्हणाला, "मग मामा, तुमच्या युनियनमध्ये फेटलिंगवाली बिहारी पोरं किती होती?"

एकही नव्हता. आमची कारणं तयार असायची: ती वर्ष-दोन वर्षांत जातात, बोली कळत नाही, ठेकेदाराची माणसं आहेत, बोनसमध्ये वाटेकरी कशाला. बारा वर्षांत कमिटीच्या मिटिंगमध्ये हा विषय दोनदा निघाला, दोन्ही वेळा मीच म्हटलं होतं, पुढच्या वेळी बघू.

भाच्याच्या शॉपमध्ये दोघं आहेत, एक बिहारच्या छपऱ्याचा, एक ओडिशातल्या गंजामचा. रविवारी त्यांना घेऊन येतो म्हणालाय. मला हे सगळं परत हिंदीत सांगावं लागणार. वर्गणीला ते ‘चंदा’ म्हणतात, एवढं विचारून ठेवलंय.